सत्कर्मे, तारण आणि रमाबाईंची साक्ष

आपल्याकडच्या ख्रिस्ती अंत्यविधीत एक विसंगती हटकून ऐकू येते. पाळक शास्त्रवाचनाला सुरुवात करतात ती ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’ या योहानाच्या शुभवर्तमानातील वचनाने, आणि पुढच्या साऱ्या प्रार्थनांत मृत व्यक्तीच्या गुणांचा हवाला कोठेही दिलेला नसतो. जे काही मागितले जाते ते ख्रिस्ताच्या नावाने आणि देवाच्या दयेवर भिस्त ठेवून. त्यानंतर दोन शब्द बोलण्यासाठी नातेवाईक, मंडळीतले ज्येष्ठ आणि कचेरीतले सहकारी पुढे येतात. बाबांनी आयुष्यात कोणाचे पाच पैसे बुडवले नाहीत, दोन पोरक्या मुलांची शिक्षणे केली, चर्चच्या छपरासाठी पदरमोड केली, तेव्हा ते प्रभूच्या घरी पोहोचले असणार यात शंकाच नाही, असा समारोप होतो, आणि उपस्थित सर्व जण, पाळकांसकट, माना डोलावतात. विधी एक सांगतो आणि त्याच शवपेटीभोवती उभे राहून आपण नेमके दुसरे सांगतो, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मी प्रॉटेस्टंट घरात वाढलो, त्यामुळे ‘तारण कर्मांनी नव्हे, कृपेने’ हे वाक्य शब्बाथशाळेत पाढ्यांच्या आधी पाठ झाले. तरीही मनाचा कल पुण्यसंचयाकडेच असतो. आमच्या चर्चमधल्या पंख्यांच्या पात्यांवर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी लाल रंगातली अक्षरे आहेत; पंखा बंद असला की ती वाचता येतात आणि सुरू झाला की पुसट वर्तुळ होऊन जातात. दात्याच्या मनात काय होते ते देव जाणे, पण ‘उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नका’ या प्रभूच्या आज्ञेखाली बसून आम्ही वर्षानुवर्षे ती नावे वाचत आलो आहोत.

तेव्हा माझे म्हणणे आरंभीच सांगतो. सत्कर्मांच्या मोबदल्यात तारण, म्हणजे पापापासून सुटका आणि देवाशी समेट, मिळते असे कोणताही प्रमुख ख्रिस्ती पंथ शिकवत नाही. कॅथलिकही नाही, जरी आम्हा प्रॉटेस्टंटांना लहानपणापासून तसे सांगितले गेले असले तरी. खरा मतभेद त्यापुढच्या पायरीवर आहे. आणि कर्मांनी तारण मिळत नाही हे ज्यांना मनापासून पटले, त्यांनीच कामाचे डोंगर का उपसले, हा मला या सगळ्यातला सर्वांत विचार करण्याजोगा प्रश्न वाटतो.

नव्या करारातील पत्रांचा लेखक प्रेषित पौल याचा युक्तिवाद आधी पाहू, कारण पुढचे सारे वाद त्याच्याच पत्रांभोवती फिरतात. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील आठवे आणि नववे वचन बहुतेक प्रॉटेस्टंटांना मुखोद्गत असते: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, ते देवाचे दान आहे, कर्मांचे फळ नव्हे, म्हणून कोणी बढाई मारू नये. दहावे वचन मात्र सहसा कोणी म्हणून दाखवत नाही. त्यात पौल लगेच सांगतो की आपण देवाची हस्तकृती आहोत आणि सत्कर्मे करण्यासाठीच ख्रिस्तामध्ये निर्माण केलेले आहोत. म्हणजे एकाच दमात सत्कर्मे तारणाच्या कारणांतून बाहेर काढली आणि तारणाच्या हेतूत आणून बसवली. या दोन स्थानांतला फरक ज्याला कळला नाही, त्याला पौल एक तर कर्माचा वैरी वाटतो किंवा स्वतःशीच विसंगत वाटतो.

रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात हाच मुद्दा तो मजुरीच्या भाषेत मांडतो. काम करणाऱ्याला मिळणारी मजुरी ही मेहेरबानी नसते, ते मालकाकडून येणे असते. तारण जर कमावता आले, तर देव माणसाचा देणेकरी ठरेल, आणि देवाला देणेकरी करून ठेवण्याइतके माणसाकडे आहे तरी काय? श्वास, बुद्धी, दान करण्याची ऐपत, दान करावेसे वाटणे, हे सारे ज्याने दिले त्याच्याच हातावर त्यातले चार दाणे ठेवून पावती मागण्यासारखे ते होईल. पाचव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये पेलाजियस नावाच्या ब्रिटिश तपस्व्याने, माणसाने मनावर घेतले तर तो स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पूर्णपणे पाळू शकतो, असे शिकवायला सुरुवात केली. त्याचा हेतू वाईट नव्हता. रोममधल्या सुखवस्तू ख्रिस्ती लोकांचा ढिलेपणा त्याला सहन होत नव्हता. परंतु हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने त्याला कडाडून विरोध केला आणि ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ते मत धिक्कारले. देव आपल्या पुण्याला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो, हे ऑगस्टीनचे म्हणणे पुढे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनीही आपलेसे केले.

नव्या करारातल्याच याकोबाच्या पत्राचा प्रश्न येथे कोणीतरी काढतोच, आणि तो काढायलाही हवा. ‘कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे’ असे याकोब म्हणतो, आणि त्याही पुढे जाऊन मनुष्य केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो, म्हणजे देवासमोर निर्दोष गणला जातो, असे लिहितो. गंमत अशी की पौल आणि याकोब दोघेही साक्षीदार म्हणून अब्राहामालाच उभे करतात. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायाकडे बोट दाखवतो, जेथे निपुत्रिक अब्राहाम आकाशातले तारे पाहून देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो. याकोब बाविसाव्या अध्यायाकडे, जेथे तोच अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगर चढतो. या दोन प्रसंगांमध्ये अनेक वर्षे गेलेली आहेत. पौलापुढे बसलेला माणूस विचारतो आहे की मला आत कसे येता येईल. याकोबापुढे बसलेला माणूस म्हणतो आहे की मी आत आलोच आहे, आता दारात उघडा आणि उपाशी उभ्या असलेल्या भावाला ‘सुखाने जा’ एवढे म्हटले तरी चालेल. दोघांना एकच उत्तर देणारा शिक्षक शहाणा म्हणता येणार नाही. प्रॉटेस्टंट चळवळीचा जनक मार्टिन ल्यूथर याने १५२२ च्या आपल्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला गवताचे पत्र म्हटले, ते मला त्याच्या सर्व उतावळ्या शेऱ्यांतले सर्वांत उतावळे वाटते.

ल्यूथरची तगमग मात्र उतावळी नव्हती. १५०५ साली एर्फुर्टच्या ऑगस्टीनियन मठात शिरलेल्या या तरुणाने उपवास, जागरणे आणि तासन्‌तास चालणारे पापनिवेदन यांत स्वतःला झिजवले, आणि तरीही देव प्रसन्न झाला असेल याची खात्री त्याला लाभेना. पुरेसे झाले का, हा प्रश्न कर्माच्या वाटेवर कधीच संपत नाही, कारण ‘पुरेसे’ म्हणजे किती हे कोणीच सांगू शकत नाही. अशा मनःस्थितीतून गेलेल्या माणसाने योहान टेट्झेल नावाचा डॉमिनिकन प्रचारक पैशांच्या बदल्यात इंडल्जन्स, म्हणजे पापदंडाची माफी, वाटत फिरतो आहे असे ऐकले. जमा होणाऱ्या पैशांतला निम्मा वाटा रोममधल्या संत पेत्राच्या बसिलिकेच्या बांधकामाला आणि निम्मा मायन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याचे फुगर सावकारांकडचे कर्ज फेडायला जाणार होता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आपली ९५ प्रमेये आर्चबिशपकडे धाडली आणि त्यातून पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे.

आता यावर कॅथलिक बाजू काय म्हणते, हे मी पुस्तकांतून शिकण्याआधी वसईच्या एका कॅथलिक स्नेह्याकडून शिकलो. त्यांच्या गावात २ नोव्हेंबरला सगळे गाव दफनभूमीत जमते, थडगी धुऊन फुलांनी सजवली जातात, मेणबत्त्या लागतात, मृतांच्या नावाने मिस्सा अर्पण केल्या जातात. मी एकदा जरा चढ्या सुरात विचारले की मेलेल्याच्या नावाने जिवंतांनी पुण्य जमा करणे हे कर्माने तारण मिळवणे नव्हे तर काय? ते शांतपणे म्हणाले, “अरे, ज्यांचे तारण झालेले नाही त्यांच्यासाठी या प्रार्थना नसतातच. शुद्धिस्थानातला आत्मा तरलेलाच असतो, फक्त धुवून निघायचा राहिलेला असतो.” २०२५ च्या ज्युबिली वर्षात पवित्र द्वारातून जाणाऱ्या यात्रेकरूंना इंडल्जन्स दिले गेले तेव्हाही त्यांनी हेच बजावले की आधी कुमसार, म्हणजे पापनिवेदन व्हावे लागते, क्षमा तेथे फुकट मिळते, आणि दंडमाफी ही त्या क्षमेनंतरची गोष्ट आहे. पैशांशी तिचा संबंध पाचव्या पायसने १५६७ मध्येच तोडला. शुद्धिस्थानाची शिकवण मला आजही पटत नाही, परंतु मी जिला विरोध करत होतो ती त्यांची शिकवण नव्हतीच, एवढे मला मान्य करावे लागले.

ल्यूथरच्या आव्हानाला उत्तर देण्यासाठी भरलेल्या कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेचा १३ जानेवारी १५४७ चा ठराव प्रॉटेस्टंटांनी एकदा तरी स्वतः वाचावा असे मला वाटते. त्यातला पहिलाच निषेध, माणूस देवाच्या कृपेवाचून स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरू शकतो असे म्हणणाऱ्यावर आहे. आठव्या प्रकरणात तर स्पष्ट सांगितले आहे की नीतिमान ठरण्याआधीचे काहीही, मग तो विश्वास असो वा कर्मे, ती कृपा कमावू शकत नाही. आजचा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथही म्हणतो की देवासमोर माणसाला काटेकोर अर्थाने कोणत्याही पुण्याचा हक्क सांगता येत नाही. मग भांडण कशाचे? भांडण चोविसाव्या निषेधात आहे. सत्कर्मे ही मिळालेल्या नीतिमत्त्वाची केवळ फळे व खुणा आहेत, त्यांनी ते नीतिमत्त्व वाढत नाही, असे म्हणणाऱ्याला ट्रेंटने दोषी ठरवले. म्हणजे दार कोणी उघडले यावर दोघांचे एकमत आहे. आत गेल्यावर माणसाने कृपेच्या बळावर केलेल्या कामाला देव हिशेबात धरतो की नाही, यावर मतभेद आहे. कॅथलिक म्हणतात धरतो, कारण त्याने तसे वचन दिले आहे. ल्यूथरचे अनुयायी म्हणतात की एकदा हिशेब मांडायची मुभा दिली की माणूस पुन्हा त्या जुन्या तगमगीत जाऊन पडतो. माझा कौल ल्यूथरकडे आहे, पण पलीकडच्या बाजूची भीती, म्हणजे हिशेब पूर्ण मिटवला तर माणूस आळशी होईल ही भीती, मला खोटी वाटत नाही.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स पंथांनी हा खटला कधी या स्वरूपात चालवलाच नाही. देवाची कृपा आणि माणसाची इच्छा यांच्या सहकार्याची भाषा ते बोलतात. पश्चिमेत मात्र समेटाला बरोबर ४८२ वर्षे लागली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणामुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देतो, जो आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करतो, असा तिचा गाभा आहे. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसही या घोषणेशी जोडली गेली. आमच्याकडच्या किती मंडळ्यांत यावर एक तरी संदेश झाला, हे विचारण्यात अर्थ नाही.

परिषदा आणि ठराव यांच्यापेक्षा या प्रश्नाची अधिक जिवंत साक्ष मला आपल्या पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. १९०७ साली त्यांनी आपल्या श्रद्धेच्या प्रवासाचे जे निवेदन इंग्रजीत लिहिले, त्यात सत्कर्म आणि तारण हा धागा पहिल्या पानापासून आहे, जरी त्यांच्यावर लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा स्त्रीशिक्षणाकडे आणि धर्मांतराच्या वादाकडेच जाते.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान आणि कमालीचे निष्ठावंत गृहस्थ. कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करीत, देवळांच्या आवारात पुराणे सांगत फिरत असे. उपवास, व्रते, तीर्थस्नाने, ब्राह्मणभोजने, दाने, यांत कोठेही कसूर केलेली नव्हती. १८७० च्या दशकातील दुष्काळाने या कुटुंबाला गाठले तेव्हा गाठीचे सगळे संपले होते; वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली, आणि रमाबाई व भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. शास्त्रात सांगितलेले सर्व केले आणि हाती काही लागले नाही, ही त्यांची पहिली जखम. दुसरी जखम विद्वत्तेने दिली. कलकत्त्यात धर्मशास्त्रे वाचताना त्यांना दिसले की स्त्रीने कितीही पुण्य केले तरी पतिसेवेखेरीज तिला मोक्षाची वेगळी वाट नाही. कर्माचा मार्ग अवघड आहे हे एक वेळ सोसता येते. त्या मार्गावर आपल्याला पाऊलच ठेवता येत नाही, हे सोसणे निराळे. रमाबाईंच्या या अनुभवावरून सगळ्या हिंदू परंपरेवर शिक्का मारणे मला योग्य वाटत नाही, कारण आमचे रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत आणि त्या पुलावर कृपेचीच भाषा बोलली जाते. परंतु रमाबाईंच्या वाट्याला तो पूल आला नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या. ज्या बायकांना समाजाने ‘पतित’ म्हणून टाकले होते, त्यांच्यासाठी या भगिनी लंडनच्या फुलहॅम भागात एक आश्रम चालवत. तेथे रमाबाईंनी पाहिले की आदरणीय घरांतल्या स्त्रिया अशा बायकांची शुश्रूषा करत आहेत. हे असे का करता, असे त्यांनी विचारले तेव्हा उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची, म्हणजे लोकांनी तुच्छ मानलेल्या बाईशी येशू स्वतः होऊन बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. येथे एक गोष्ट नीट पाहावी: त्यांना ख्रिस्ताकडे ओढून नेले ते धर्मसिद्धान्ताने नव्हे, तर इतरांच्या सत्कर्मांनी. त्या भगिनी स्वतःच्या मोक्षाची बेगमी करत आहेत असे त्यांना वाटले असते, तर त्या दृश्यात नवे असे काय राहिले असते? दानधर्म त्यांनी जन्मभर पाहिलेला होता.

मात्र पुढच्या आठ वर्षांबद्दल त्या जे लिहितात ते अधिक धाडसाचे आहे. त्या म्हणतात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. पश्चात्ताप करावा, पाप सोडण्याचा निश्चय करावा आणि बाप्तिस्म्याचा विधी घडला की काम झाले, अशी त्यांची समजूत होती, आणि ही समजूत आपल्या जुन्या विचारपद्धतीचीच बहीण होती, असे त्यांनीच नमूद केले आहे. विधी बदलला होता. विधीवर भिस्त ठेवण्याची सवय तीच होती. याच सुमारास त्यांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचे आत्मकथन वाचले. कॉर्नवॉलमधला हा पाळक चर्चच्या कामात आकंठ बुडालेला होता, आणि १८५१ साली स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचाच संदेश देत असताना, त्याचे परिवर्तन झाले; ते पाहून मंडळीतल्या एकाने ‘पाळकाचे परिवर्तन झाले’ अशी आरोळी ठोकली होती. धर्मकार्य करणारा माणूससुद्धा त्या कार्याच्या आड देवापासून लपून राहू शकतो, हे रमाबाईंना त्या पुस्तकात दिसले असावे असे मला वाटते, कारण त्या वेळी त्यांचे शारदासदन, म्हणजे विधवांसाठीची शाळा, सुरू होऊन दोन-अडीच वर्षे झाली होती आणि कामाच्या नावाने त्यांना कोणी बोट दाखवू शकले नसते.

शेवटी त्यांना जे उमगले त्याचा आशय असा: तारणासाठी ना जातीवर अवलंबून राहायचे, ना स्त्री-पुरुष भेदावर, ना कर्मावर, ना कोणा माणसावर, पुत्रावर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही देव ते फुकट देतो. ब्राह्मण पुरुषाचा जन्म मिळेपर्यंत लक्षावधी जन्म थांबायचे नाही, हे वाचून आपल्याला झालेला आनंद भारतात जन्मलेल्या स्त्रीलाच कळेल, असा त्यांचा सूर आहे. युरोपात ल्यूथरला कृपेने अपराधाच्या टोचणीतून सोडवले. येथे तीच शिकवण कर्माची वाटच बंद असलेल्या स्त्रीला उंबरठ्याच्या आत घेऊन आली. आमच्या पंथांतील धर्मशास्त्रज्ञांनी हा फरक पुरेसा मनावर घेतलेला नाही. कर्मांनी तारण या कल्पनेतला दोष केवळ गर्व हा नाही. ज्यांच्याजवळ वेळ, पैसा, शुचिता आणि प्रतिष्ठा आहे त्यांनाच सत्कर्मे परवडतात, हाही आहे.

आणि कर्मावरचा भरवसा टाकलेल्या या बाईंनी पुढे केले काय? १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा करून घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध आले तेव्हा दौंडजवळच्या केडगावच्या जमिनीवर त्यांना ठेवले, विहिरी खणल्या, शेती केली. १९०० च्या सुमारास मुक्ती मिशनमध्ये दीड हजारांहून अधिक स्त्रिया आणि मुले होती. माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता, अंध मुलींसाठी ब्रेल होते. ‘पतित’ म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी जे वेगळे घर काढले त्याचे नाव कृपासदन. मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी १९२२ मध्ये मृत्यूच्या उंबरठ्यावर पूर्ण केले, आणि त्याची खिळेजुळणी आश्रमातल्या बायकांनीच केली. घरचे मूल कामाला हात लावते ते घरात राहण्याचे भाडे म्हणून नव्हे. रमाबाईंच्या या कामांकडे पाहताना मला एवढेच स्पष्टीकरण पुरेसे वाटते. मुलीला वाचवण्यामागे तिला ख्रिस्ती करण्याचा डाव होता, हा आरोप तेव्हाही झाला. शारदासदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात या कारणावरून १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागारपद सोडले. मोक्षासाठी केलेले काम जसे निर्मळ नसते तसे संख्येसाठी केलेले कामही नसते, हे ख्रिस्ती माणसाने मान्य करायला हवे. रमाबाईंपुरते बोलायचे तर भुकेल्या मुलीला घास देण्याआधी त्यांनी अट घातल्याचे मला दिसत नाही.

परंतु कृपेच्या शिकवणीचा दुरुपयोग होतो, आणि त्याचा सर्वांत बोचरा दाखला गांधीजींनी नोंदवून ठेवला आहे. १८९३ मध्ये प्रिटोरियात असताना त्यांची प्लिमथ ब्रदरन पंथाच्या एका गृहस्थाशी गाठ पडली. त्या गृहस्थाचे म्हणणे असे की पाप तर होणारच, स्वतःला सुधारण्याची धडपड व्यर्थ आहे, सारा भार ख्रिस्तावर टाकून मोकळे व्हावे. गांधीजींनी उत्तर दिले की मला पापाच्या परिणामातून सुटका नको आहे, पापातूनच सुटका हवी आहे; ती मिळेपर्यंत अस्वस्थ राहण्यात मला समाधान आहे. पुढे ते लिहितात की या गृहस्थाने जाणूनबुजून काही गैर गोष्टी केल्या आणि त्यांचे आपल्याला काहीच वाटत नाही हेही दाखवून दिले. सर्व ख्रिस्ती असे नव्हते, त्यांचे मित्र कोट्स पापाला भिऊन वागत, असे गांधीजी न्यायबुद्धीने जोडतात, तरी ठपका उरतोच.

मला वाटते, त्या संवादात पौलाच्या जास्त जवळ गांधीजी होते. ‘कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावे काय? कधीच नाही!’ हे रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातले शब्द त्या गृहस्थाने वाचलेच नसावेत. पापातून सुटका हाच ख्रिस्ती तारणाचा अर्थ आहे, केवळ शिक्षेतून सुटका हा नव्हे. डीट्रिख बोनहॉफर या ल्यूथरन पाळकाने १९३७ मध्ये, हिटलरच्या राज्यात, आपल्याच पंथाला ‘स्वस्त कृपा’ विकत असल्याबद्दल धारेवर धरले, आणि आठ वर्षांनी नाझींनी त्याला फाशी दिले. फक्त एका ठिकाणी माझे गांधीजींशी जमत नाही. अस्वस्थतेत समाधान मानण्याइतकी ताकद त्यांच्यात होती. ल्यूथरच्या मठात आणि आपल्या आसपास अशी माणसे पुष्कळ असतात जी त्या अस्वस्थतेखाली चिरडली जातात. त्यांना आधी क्षमा मिळावी लागते, मग सुधारण्याचे बळ येते.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातले न्यायाच्या दिवसाचे चित्र येथे नेहमी उलट पुरावा म्हणून पुढे केले जाते, कारण तेथे राजा विश्वासाचा एक शब्दही विचारत नाही. भुकेल्याला खायला दिले का, उघड्याला पांघरूण दिले का, तुरुंगातल्याला भेटलात का, एवढेच विचारतो. हा उतारा प्रॉटेस्टंट व्यासपीठांवरून घाईघाईने उरकला जातो. सावकाश वाचला तर त्यात उजवीकडच्या लोकांचे उत्तर दिसते: प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिले? त्यांना आठवतच नाही. त्यांनी जमाखर्च ठेवलेला नव्हता. पुण्यासाठी दिलेला घास कधी विसरला जात नाही, कारण तो देतानाच लिहून ठेवलेला असतो, आणि खाणारा माणूस त्यात निमित्तमात्र उरतो. कर्मांनी तारण कमावण्याच्या कल्पनेवर माझा जो सर्वांत मोठा आक्षेप आहे तो हाच, की तीत गरीब माणूस आपल्या स्वर्गाची पायरी होऊन बसतो.

माझ्या कचेरीतल्या एका हिंदू सहकारी मॅडमनी हे सारे ऐकून घेऊन विचारले, “मग सर, तुमच्या हिशेबाने बाबा आमट्यांचे काय?” प्रश्नात राग होता आणि तो रास्त होता. मी त्यांना सांगितले की ख्रिस्ती शिकवण बाबांचे काम कमी लेखत नाही. ती एवढेच म्हणते की त्या कामाच्या पावतीवर रमाबाईही आत जात नाहीत आणि मीही नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये म्हटले की ज्यांना स्वतःच्या दोषावाचून शुभवर्तमान कळले नाही, पण जे खऱ्या अंतःकरणाने देवाला शोधतात आणि त्याच्या कृपेच्या प्रेरणेने सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे त्याची इच्छा पाळू पाहतात, त्यांनाही तारण मिळू शकते. येथेही कृपा आहेच, हे विसरून चालणार नाही. आम्हा प्रॉटेस्टंटांत यावर एकमत नाही. अनेक जण ख्रिस्ताचे नाव घेतल्यावाचून तारण नाही असे ठामपणे सांगतात आणि त्यांच्याजवळ वचनेही आहेत. मी मात्र नाशाच्या उंबरठ्यावरच्या सदोम नगरासाठी देवाकडे रदबदली करणाऱ्या अब्राहामाचा प्रश्न पुढे करतो, की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? मॅडमनी विचारले, हे उत्तर आहे का? मी म्हणालो, नाही, ही प्रार्थना आहे, आणि ती मी त्यांच्यासाठी जितकी करतो तितकीच माझ्यासाठीही करतो.